भवानीप्रसादची उंची

नारळी पौर्णिमा होती आणि सगळं गोठणबंदर नव्या पुलावर येऊन उभं होतं. पूल इतका नवा, की कठड्याला अजून रंग लागला नव्हता. लुगड्याला सिमेंट लागेल म्हणून बायका कठड्यापासून हातभर लांब उभ्या होत्या. मी मात्र खुशाल टेकून होते. माझं लुगडं जुनं होतं, आणि येणारं गलबत माझ्या बापाचं होतं.

आमच्याकडे पावसाळाभर गलबत बंदरात बांधून ठेवतात, वर झापांचं छप्पर घालतात. पौर्णिमेला ते छप्पर काढायचं, नाळेला, म्हणजे गलबताच्या पुढच्या उभ्या टोकाला, हार घालायचा आणि खाडीतून थेट मुखापर्यंत रिकामं घेऊन जायचं. जाताना रिकामं आणि येताना हंगामातला पहिला माल भरून. त्या वर्षी मंगलोरी कौलं यायची होती आणि मीठ. निम्म्या गावाची घरं शाकारायची राहिली होती, त्यामुळे कौलांची वाट नवरदेवाची पाहावी तशी पाहत होते लोक. आमचं बंदर पुलाच्या वरच्या अंगाला, खाडीच्या वळणाआड आहे. तिथून 'भवानीप्रसाद' निघाली की पुलाखालून जाताना वरून सगळ्यांनी नारळ सोडायचे असं ठरलं होतं. ही कल्पना माझीच. गावाला पूल मिळाल्याचा आनंद मलाही झाला होता, का होऊ नये?

वळणावरून ती दिसली तेव्हा पोरं ओरडली. काय दिसत होती! सगळा उन्हाळा माझा भाऊ दत्ताराम तिच्या फळ्या बदलत बसला होता, शिमग्यापासून तिने बंदर सोडलं नव्हतं. आता तेलपाणी करून, पताका लावून, भरतीचं पाणी नुकतंच फिरलेलं, त्या ओढीबरोबर डुलत येत होती. मागे सुकाणूवर दत्ता. त्याच्या शेजारी बाबा, खाली बसलेले. पुढे दोन खलाशी ढोल वाजवत होते.

माझ्या बाजूला हसनभाई उभे होते. बंदरावरच्या हमालांचे मुकादम. माणूस एरवी फार बोलका, पण त्या वेळी त्यांनी नुसता माझा दंड धरला.

"शेवंते," ते हळूच म्हणाले, "ही खालून जायची नाय."

मी हसले. आणि मग पाहिलं. नाळेवरचा झेंडूचा हार पुलाखाली जायला येत नव्हता, तो माझ्या गुडघ्यांकडे येत होता. सरळ. जसजशी ती जवळ येत होती तसतशी नाळ वर वर चढत असल्यासारखी वाटत होती. मला आठवतं, मी वेड्यासारखी खाली पाण्याकडे पाहिलं, पाणी वाढलंय की काय म्हणून.

लोक मागे सरले. दत्ताने इंजिन उलटं टाकलेलं ऐकू आलं, पण वर डोंगरात पाऊस झालेला, उतरणाऱ्या पाण्याला विलक्षण ओढ होती. तेवढ्यात बाबांनी नांगर टाकला. दोर ताणला गेला, गलबताने एक हिसका खाल्ला आणि नाळ पुलाच्या तुळईला येऊन भिडली. फार जोरात नाही. पण माझ्या तळपायांना ते कळलं. लाकूड सिमेंटवर घासल्याचा एक लांबलचक आवाज झाला, हार चुरडला आणि ढोल वाजवणारा एक खलाशी ढोलासकट फळ्यांवर आडवा झाला.

कुणाला लागलं नाही. नांगर नसता तर दोघेतिघे गेलेच असते असं सगळे म्हणत होते, आणि तांडेल तो तांडेल, म्हणून बाबांची वाहवा करत होते. आमच्याकडे गलबताच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात आणि लखमा तांडेल म्हटलं की खाडीच्या मुखापर्यंत कुणीही ओळखायचं. मी वरून बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. नांगराचा दोर दोन्ही हातांत घट्ट धरून बसले होते.

मी नारळ हातात धरून तशीच उभी होते. तो मी नंतर घरी घेऊन गेले आणि आमटीत घातला. खोटं कशाला सांगू.

आता पुलाआधीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या एका भिडण्याने आमचं काय गेलं ते कळायचं नाही.

गोठणबंदरला त्या काळी जे काही यायचं ते खाडीने यायचं. मीठ, कौलं, घासलेट, सिमेंट, शाळेची बाकं, एकदा तर एक अख्खी पिठाची गिरणी. खाडीच्या मुखाशी मोठी गलबतं माल उतरवायची आणि तिथून आमची भवानीप्रसाद तो वर आणायची. जाताना भात, बांबू, हिरडा, चिरे. पलीकडच्या काठावर नाका होता, तिथे हमरस्ता, एसटी, डॉक्टरचा दवाखाना. पण नाका आणि आम्ही यांच्यामध्ये खाडी. भरतीला होडी चालायची, आणि सुकती लागली, म्हणजे पाणी उतरलं, की मधे नुसता गाळ. तेव्हा आम्ही आमच्या काठावर आणि जग पलीकडे.

त्यामुळे अख्खं बंदर त्या एका गलबतावर जगायचं. आमचं घर तर होतंच. हसनभाईंची हमाल मंडळी, वखारवाले, बैलगाडीवाले, आणि मी. माझा नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. मी काही रडत बसले नाही, माहेरी येऊन धक्क्यावर खानावळ घातली. गलबत लागलं की हमाल जेवायचे, भात आणि बांगड्याचं तिखलं. गलबत नसलं की माझी चूल थंड. हिशेब इतका सोपा होता.

पुलाचे साहेब पहिल्यांदा आले ते माझ्याच खानावळीत जेवले. बोरगावे नावाचा तरुण मुलगा, सोलापूरकडचा, मासळीला घाबरून फक्त रस्सा खाणारा. जेवता जेवता त्याने बाबांना विचारलं, इथे सगळ्यांत उंच गलबत तुमचंच ना, मग तळापासून नाळेच्या टोकापर्यंत उंची किती? मी हसत होते, कारण त्याला ठाऊक नव्हतं तो काय विचारतोय.

गलबत आमच्याकडे दोनदा मोजतात. बांधताना आणि मोडताना. मधे कधीही मोजत नाहीत. चालत्याबोलत्या माणसाची तिरडीसाठी लांबी घ्यावी, तसं ते. फळी बदलायची झाली तरी जुनी फळी काढून नवीवर ठेवून आखायची, पण गलबताला हात किंवा बांबू लावून मापायचं नाही. भवानीप्रसाद बांधणारा सुतार केव्हाच वारला होता आणि माप त्याच्याबरोबर गेलं होतं. बाबा साहेबाला म्हणाले, उद्या सांगतो. मी ताट उचलायला आत गेले, त्या वेळात ते दोघं आणखी काही बोलत होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं, आठ हात. आयुष्य गलबतावर काढलेल्या माणसाचा अंदाज, कोण शंका घेणार? साहेबाने त्यातून पाण्यात बुडणारा भाग वजा केला, वर अर्धा हात जास्त धरला आणि पूल उभा राहिला. गलबत दुरुस्तीला वर आलेलं असतानाच त्यांनी मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, वरून भरून टाकला.

पौर्णिमेच्या त्या सकाळी हा बोरगावे साहेबही पुलावर होता. पांढरा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता बिचारा. नाळ अडकल्यावर लोकांना पहिला तोच दिसला. त्याला सगळ्यांनी मधे घेतलं. दत्ता गलबत बांधून वर धावत आला तो थेट त्याच्या अंगावर. कॉलर धरली. तुझ्या पुलाने आमच्या पोटावर पाय दिला, तुझी नोकरी घालवतो, कलेक्टरपर्यंत जातो, असं बरंच काही. तो मुलगा पांढराफटक पडला होता.

"मला आठ हात सांगितले होते," तो म्हणत राहिला. "तांडेलांनीच सांगितले होते. विचारा त्यांना."

बाबा सावकाश चढून वर आले. लोकांनी वाट दिली. दत्ताने कॉलर सोडली नव्हती.

"सोड त्याला," बाबा म्हणाले. "मी सांगितले आठ हात. माझा अंदाज चुकला."

एवढंच. ते शब्द मी ऐकले आणि माझ्या पायांखालचा तो नवा पूल हलतोय असं मला वाटलं. माझा बाप पाण्याच्या रंगावरून पाणी किती वाव खोल आहे ते सांगायचा. अंधारात हात बुडवून भरती किती उरली ते सांगायचा. आणि तो चारचौघांत सांगत होता की आपल्याच गलबताची उंची आपल्याला कळली नाही. दत्ताचा हात आपोआप खाली आला. हसनभाईंनी मान दुसरीकडे वळवली. ज्याच्यासमोर लोक विडी विझवायचे त्या माणसाकडे लोक कीव येऊन बघत होते, आणि मागून कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मला माहीत आहे. तो आता नाही, जाऊ दे.

त्यानंतरचे दिवस आम्ही वाट शोधण्यात घालवले. सुकतीला न्यावं म्हटलं तर वर जागा व्हायची पण खाली गलबत तरंगेल एवढं पाणी नसायचं. भरतीला पाणी असायचं तर वर जागा नाही. नाळ कापावी म्हणून दत्ताने खूण केली, तर ती कापायची हातभर. म्हणजे पुढून गलबत उघडंच पडणार, मुखाशी पहिल्याच लाटेला पाणी आत. ओंडक्यांवरून जमिनीने पलीकडे घालावं तर पुलाचा भराव दोन्ही बाजूंना आडवा. हसनभाईंची माणसं रोज येऊन मदत करायची आणि रोज संध्याकाळी तशीच परत जायची.

आणि मग ट्रक आले. पूल त्यासाठीच तर होता. कौलं ट्रकने आली, रस्त्याच्या हादऱ्यांनी फुटलेली कौलंच जास्त. पाण्यावरून यायची तेव्हा शंभरात एखादं फुटायचं. मिठाचा भाव चढला, कारण वाहतूक महाग पडत होती. पण माल थेट दुकानाच्या दारात येत होता, दुकानातलीच पोरं उतरवून घेत होती. बंदरावर हमाल कशाला हवे होते? दिवाळीच्या आत हसनभाईंची निम्मी माणसं मुंबईच्या गोदीत गेली. जाताना ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, तांडेलाला स्वतःची व्हडी मोजता आली नाय. पोरं तर बाबा दिसले की हात पसरून काहीतरी मापल्याचं सोंग करायची. बाबा बघायचे आणि पुढे जायचे. मी मात्र एका कार्ट्याला पळीने हाणलं.

दत्ताचं सगळ्यांत वाईट होतं. तेवीस वर्षांचा पोरगा, गलबत सोडून दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. बाबांवर तो चिडला नाही. उलट मला म्हणाला, म्हातारपणाचा अंदाज गो बाय, चुकायचाच, आपणच मोजायला हवं होतं. त्याला बाबांची दया येत होती. बाबांना ताट वाढलं की हा त्यांच्या ताटात आपला मासा सरकवायचा. मला ते बघवत नसे.

शेवटी ठरलं, गलबत मोडायचं. लाकूड उत्तम होतं, सागाचं. मुखाकडच्या एका माणसाने होड्यांसाठी घेतलं आणि मोडायला भिकू मेस्त्री आले. गलबतांचे सुतार, बाबांच्या वयाचे, हाताला धरून बोलणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर एक लांब बांबू, त्यावर हातांच्या खुणा केलेल्या. मोडायचं म्हणजे आता मोजायला हरकत नव्हती.

गलबत धक्क्याजवळ गाळात टेकलेलं होतं. दत्ता खाली उभा होता, मी वर खानावळीच्या पायरीवर, बाबा एका उपड्या होडीवर बसलेले. मेस्त्री बांबू घेऊन नाळेकडे गेले, आणि बाबा बसल्या जागेवरून बोलले.

"साडेनऊ हात, वर चार बोटं."

भिकू मेस्त्री हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. "तांडेल, तुमचा अंदाज आता सगळ्या खाडीला ठावा झालाय."

त्यांनी बांबू नाळेला उभा लावला, तळाशी दत्ताने धरला. मेस्त्रींनी खुणांवरून बोट फिरवत नेलं. एकदा नेलं. मग खाली येऊन पुन्हा पहिल्यापासून नेलं. मग टोकाशी आपली चार बोटं आडवी लावली, आणि ती तशीच लावून ते बाबांकडे बघत राहिले.

बाबांच्या तोंडून ते चुकून निघालं की त्यांना आता ते पोटात ठेवणं होईना, हे मला आजही सांगता येणार नाही.

दत्ता गाळातून वर आला. त्याच्या पोटऱ्या चिखलाने काळ्या झाल्या होत्या. तो बाबांच्या समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं तो हात उगारणार. मी पायरी उतरून खाली आले.

"अंदाजाने चार बोटं सांगता येत नाय, बाबा."

"नाय," बाबा म्हणाले. "मोजली होती."

"कधी?"

"साहेब जेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमी दोघं बाजारात गेला होतात."

मी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणू पाहत होते आणि तो येत नव्हता. माझा बाप, जो फळीला चुकूनही वीत लावू द्यायचा नाही, तो एकटा उभा राहून बांबू लावून स्वतःचं गलबत मोजतो आहे. म्हणजे त्याने तिला त्याच दिवशी मेलेली धरली होती. आणि त्यानंतर शिमग्यापासून पौर्णिमेपर्यंत माझा भाऊ तिच्या फळ्या बदलत होता, तेल लावत होता.

"मग आठ का सांगितली?" दत्ताने विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की मेस्त्रींना ऐकूही गेला नसेल.

बाबांनी सांगितलं. साहेब म्हणाला होता, इथे दोन्हीकडे मळे, जमीन बसकी. उंच पूल करायचा तर लांबपर्यंत भराव घालायला हवा, तेवढा पैसा नाही. गलबत आठ हातांच्या वर असेल तर पूल खाली कातळवाडीला जाईल, तिथे कडे उंच आहेत. कातळवाडी म्हणजे आमच्यापासून अर्ध्या दिवसाची वाट.

"मग जायचा होता कातळवाडीला. व्हडी तरी राहिली असती."

"व्हय. राहिली असती."

"मग?"

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला. ते त्याची घडी घालायला लागले, पुन्हा उलगडायला लागले.

"तुझी आय घरी नाय गेली," ते म्हणाले.

आई दत्ता तान्हा असताना तापाने गेली एवढंच आम्हाला माहीत होतं; तांडेलाच्या घरचं म्हणून गावात कुणी तो विषय काढत नसे. मी पाच वर्षांची होते, आत्याकडे ठेवलेली. कुणीतरी मला गूळखोबरं दिलं होतं ते आठवतं, बाकी काही नाही.

"ताप होता. पन गेली ती ह्या व्हडीत. तिच्या माहेरासून, मुखाकडून घेऊन येत होतो, नाक्यावरच्या डॉक्टरकडं न्यायला. लगेच निघालो असतो तर भरतीबरोबर वर आलो असतो. शेटचं मीठ भरायचं राहिलं होतं. मी म्हटलं, जातोच हाय तर रिकामं कशाला जायचं. भरून घेऊ." त्यांनी घडी मोडली. "हितं पोचलो आणि पानी उतरलं. मिठाने जड झालेली, बसली गाळात. आता मधला खांब हाय ना, त्याच्या जवळ. दवाखान्याचं दार दिसत होतं. दारात उभी असलेली मान्सं दिसत होती. हाका मारल्या. त्यांनी पन मारल्या. गाळ छातीच्या वर. एक खलाशी उतरला, तो गळ्यापर्यंत गेला, त्यालाच दोर टाकून काढला. मग पानी परत यायची वाट बघत बसलो."

भिकू मेस्त्रींनी बांबू हळूच जमिनीवर ठेवला.

"तू अंगावर पीत होतास तिच्या," बाबा दत्ताला म्हणाले. "ती गेलेली मला कळली. तुला नाय कळली."

मला त्या क्षणी जे वाटलं ते मी सांगते, कुणाला आवडो न आवडो. मला आधी रडू आलं नाही, मला राग आला. भयंकर. आईची गोष्ट वीस-बावीस वर्षं पोटात ठेवली हे एक, पण हसनभाईंच्या माणसांची काय चूक होती? ज्या घरांत त्या दिवाळीला तेल नव्हतं त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? मी ते तोंडावर विचारलं. म्हटलं, बाबा, आम्हाला विचारायचंत तरी. बंदरावर सगळ्यांना बोलावून विचारायचंत.

"विचारलं असतं तर सगळी नाय म्हनली असती," ते म्हणाले. "तुमचं सगळ्यांचं खरं होतं. म्हनून नाय विचारलं."

आता माझेही केस पांढरे झालेत. त्या पुलावरून किती बायका नाक्यावर बाळंतपणाला गेल्या आणि परत आल्या ते मी बघितलं आहे. आणि हसनभाईंचा थोरला मुलगा गोदीत पोत्यांखाली सापडून गेला, तेही.

दत्ताला मात्र बंदराचं काही पडलं नव्हतं. तो वेगळ्याच ठिकाणी अडकला होता.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "चैतात गाळा भरत होते तवा विचारलं होतं, बाबा, जाईल ना खालून? तुमी जाईल म्हनालात."

"व्हय."

"आनि पुनवेला नांगर हातात घेऊन बसलात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पौर्णिमेच्या दिवशी, रिकाम्या गलबतात, वाजतगाजत निघालेला तांडेल नांगर उराशी धरून कशाला बसेल? आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं. ते बंदरापासून पुलापर्यंत पूर्ण वाट त्या हिसक्याची वाट बघत बसले होते, शेजारी मुलगा हसत सुकाणू धरून उभा असताना.

"रोज सांगनार होतो," बाबा म्हणाले. "रोज सकाळी तू फळ्या ठोकायला जायचास, मी म्हनायचो, आज सांगतो. तू इतक्या हौसेनं ठोकत होतास."

यावर दत्ता खाली बसला. उभा होता तिथेच, धक्क्यावर, गुडघ्यांत डोकं घालून. तो रडत होता की नाही ते मला दिसलं नाही. मी त्याच्याजवळ गेले नाही आणि बाबांच्याही गेले नाही, कुणाकडे जावं तेच कळेना. मध्येच उभी राहिले. चुलीवर भात लागल्याचा वास येत होता, तो उतरवायचंही मला सुधरलं नाही.

भिकू मेस्त्रींना मात्र काम करायचं होतं, पाणी भरायच्या आत निदान नाळ उतरवायला हवी होती. शिवाय परक्या घरचं असं काही ऐकल्यावर माणसाला हाताला काहीतरी काम लागतंच. त्यांनी पिशवीतून कुऱ्हाड काढली, तिच्या पात्याला कुंकू लावलं आणि दोन्ही हातांवर घेऊन बाबांसमोर धरली. मोडायच्या गलबतावर पहिला घाव मालकाने घालायचा असतो. मग सुतार हात लावतो.

बाबा उठले. पंचा खांद्यावर टाकला आणि हात पुढे केला.

दत्ता मध्ये आला.

"त्यांचा घालून झालाय," तो मेस्त्रींना म्हणाला. "आन हिकडं."

मेस्त्रींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी हात मागे घेतला. दत्ता कुऱ्हाड घेऊन पुन्हा गाळात उतरला, नाळेसमोर जाऊन उभा राहिला, आणि सगळा जोर लावून त्याने घाव घातला. लाकूड इतकं चांगलं निघालं, की पातं आत रुतून बसलं. त्याने ओढली, हिसडली, पाय लावून ओढली, शिव्या दिल्या. कुऱ्हाड निघेना.

मग बाबा गाळात उतरले. कमरेत वाकून, सावकाश, त्याच्यापर्यंत गेले आणि दांड्यावर त्याच्या हातांच्या मागे आपले हात ठेवले. दत्ताने ते झटकले नाहीत. दोघांनी मिळून ओढली तेव्हा ती सुटली, आणि दुसरा घाव कुणी घालायचा ते न कळून दोघंही ती धरून तसेच उभे राहिले.